तागडीजवळची टोपली

मुंबई, दवाखान्यातून

तीर्थरूप बाबा, तुमाले आन आईले नमस्कार.

अक्षर ओळखलं का? मीच लिहून राहिली, सहा वर्षांनी! मल्टिपल स्क्लेरोसिसनं हात असा थरथरे का चहा बशीतही टिकत नव्हता. आता मेंदूत बारीक तार बसवल्यापासून कप भरून पेते. तिची पोरगी आता स्वतःची वेणी स्वतः घालते, असं आईले सांगजा.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईनं म्हटलं, एका मिनिटात भाज्यांची नावं सांगा. भाजीवाल्याच्या पोरीले! मी अठ्ठावीस सांगतले. काल तिनं पुन्हा विचारलं, तं मी सातवरच अडली. अशा ऑपरेशननं कोणाकोणाचे शब्द मंदावतात म्हणते. येतीलही परत.

मंग मी डोळे मिटले आन अकोल्याच्या बाजारात तुमच्या मांगं जाऊन बसली, लहानपणी बसत होती तशी. तुमी एकेका भाजीचं नाव घेऊन हाक मारत, त्याच ओळीनं टोपल्या पाहत गेली. वांगे, सांभार (इथं मुंबईत कोथिंबीर म्हणतात तो), अंबाडी, चवळीच्या शेंगा... तागडीजवळच्या शेवटच्या टोपलीपाशी थांबली. भाजी दिसते, तिचा वासही येते, नाव तेवढं येत नाही.

घाबरू नका. आईचे गुडघे कसे आहेत? जिना चढू देऊ नका तिले.

रविवारी फोन करजा. माही तब्येत विचारू नका. बाजारातली तुमची हाक मारा, पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत. मी मधात बोलणार नाही.

तुमची, आपल्या हातानं सही करणारी,
रागिणी