भट्टी कुणाला विचारून विझवायची

ता. ४ जून

चि. धाकटीस, अ. आ.

पेपरातला तुझा फोटो बाबांनी बेकरीच्या काउंटरवर चिकटवलाय. पाव घ्यायला येणाऱ्याच्या हातात सुटे पैसे नंतर पडतात. गावाचा वीस वर्षांचा आराखडा माझ्या धाकटीने केला, हे त्याला आधी ऐकावं लागतं. पहाटेपासून भट्टीपुढे भाजून निघते मी. माझा फोटो कुणी लावत नाही. जळते मी तुझ्यावर, लिहूनच टाकते.

आराखडाही वाचला. टेकडीवर वर्षभरात वाढतं त्याच्या दुप्पट लाकूड आम्ही बेकरीवाले जाळतो, म्हणून पाच वर्षांत लाकडाच्या भट्ट्या बंद. म्हणजे आपलीही. आराखड्यावरच्या सुनावणीत मी विरोधात बोलणार आहे. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस, शि. सा. न.

खुशाल बोल. मात्र नुसतं नको म्हणू नकोस, काय हवं तेही सांग. आपल्या मुलांना टेकडी बोडकी मिळू नये आणि पावही मिळावा, एवढंच मला जमवायचंय.

जळण्याचं म्हणशील, तर बाबा फोनवर आधी तुझा पाव कसा फुललाय ते सांगतात, मग माझी तब्येत विचारतात. पीठ मळायला त्यांनी तुला शेजारी उभं केलं, मला अभ्यासाला पिटाळलं. तो फोटो तू घे, ती जागा मला दे.

भांडण झालं तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

ता. २ जुलै

चि. धाकटीस, अ. आ.

सुनावणी आटोपून तू लगेच गेलीस, घरी पुढे काय झालं ते तुला ठाऊक नाही. सगळ्या बेकऱ्यांत मिळून एक विजेचा ओव्हन, पाळीपाळीने वापरायचा, आणि तो येईपर्यंत टेकडीचा एकेकच पट्टा तोडायचा, ही माझी सूचना तुम्ही मान्य केलीत. मी तरंगतच घरी आले. बाबांना विचारलं, कोण चांगलं बोललं, ती की मी?

तेही सुनावणीहून येऊन बूट काढत होते. म्हणाले, "भट्टी मी बांधली. ती विझवायचं तुम्ही दोघींनी ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

मग बोलणंच बंद. आपण दोघी त्यांच्यावरून भांडत होतो, आणि ते आपल्यावर जळत बसले होते.

शेवटी काल मी विचारलं, नवा ओव्हन कुठे बसवावा. टोपी घालून निघालेच. मला गावभर हिंडवून पिठाच्या गिरणीमागची जागा दाखवली. सगळ्यांना सारखीच जवळ, पोतीही लांब वाहायला नकोत. येताना त्यांचं बोलणं थांबेना.

तेव्हा यापुढे ओव्हनबद्दल काय ते त्यांच्या नावे लिही. पोस्टमन मला ओलांडून त्यांच्याकडे जाईल, तेव्हा माझ्या पोटात दुखेलच. दुखू दे.

तुझी ताई