तात्पुरत्या दाताची पक्की हकिगत

चिंचवड स्टेशन,
मे १९७९

आदरणीय व्याही ज्योतीराम गुरुजी यांना अर्जुनचा मनापासून जयभीम.

आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. गिरजाबाईचा गुडघा तेवढा ऐकत नाही, पण तो लग्नाआधीपासून तसाच आहे असं ती स्वतःच म्हणते, त्यामुळे दोष आमच्या घराकडे येत नाही. विहीणबाई सोजरबाईंना जयभीम सांगावा. बार्शीचं ऊन आमच्यापेक्षा कडक, तेव्हा भर दुपारी पोरांच्या शिकवण्या घेत बसू नका. (रिटायर झालेल्या मास्तरांना हे सांगून उपयोग नसतो, तरी लिहिलं.)

पत्राचं कारण तुमची लेक प्रभावती. घाबरू नका, तक्रार नाही. तिचं कौतुक करायचंय, आणि ते तिच्या समोर करायला गेलं की ती मलाच तोंड उघडायला सांगते, म्हणून तुम्हाला लिहितोय.

दिवाळीत तिनं स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या खोलीत दातांचा दवाखाना टाकला ते तुम्ही पाहिलंच. नंतरचं तुम्हाला कुणी कळवलं नसेल. पेशंटच येईनात. आमच्या कारखान्यातले कामगार दात दुखला की तिथं तंबाखूची चिमूट दाबतात, फारच झालं तर रस्त्यावर बसणाऱ्या दातवाल्याकडे जातात. बाईमाणूस दात काय उपटणार, तिला जोर नको का, असं माझ्याच डिपार्टमेंटमध्ये बोलायचे. पोर मात्र रोज सकाळी कुलूप उघडायची, खुर्ची पुसायची आणि पुस्तक वाचत बसायची. मला बघवत नसे. म्हणून मी मदत करायचं ठरवलं, आणि माझ्या मदतीमुळे तिचं काम किती वाढलं ते आता ऐका.

आधी पुण्याहून एक एजंट आला. दाताचंही सिमेंट असतं, गुरुजी! भुकटी आणि पातळ औषध काचेवर पट्टीनं घोटायचं आणि त्यानं दातावरची टोपी बसवायची. एजंटचं सिमेंट स्वस्त, शिवाय झटक्यात घट्ट होणारं. टायवाला माणूस, बोलणं असं गोड की मी तिथल्या तिथं म्हणालो, पोरी, घेऊन टाक. ती म्हणाली, "दादा, आधी इथंच घोटून दाखवा." दुपारची वेळ, वर तापलेला पत्रा. त्यानं सगळी भुकटी एकदम ओतली, आणि चार वेळा पट्टी फिरवतोय तोवर पट्टी काचेलाच चिकटली. ओढली तर काचही उचलून आली. तो हसत राहिला, पण टाय सैल केला. मग प्रभावतीनं स्वतःचं सिमेंट काढलं. काच माठातल्या पाण्यात गार केली, फडक्यानं कोरडी ठणठणीत पुसली, आणि भुकटी चिमटी-चिमटीनं घालत सगळ्या काचेवर पसरून घोटली. पट्टी वर उचलून बघितली तर पाकाला धरते तशी तार धरली होती. म्हणाली, "मामा, हे महाग आहे, पण माझ्या हाताला वेळ देतं. दात नीट बसला की नाही हे बघायच्या आत जे घट्ट होतं, ते माझ्या काय कामाचं?" एजंट चहा पिऊन गेला. पट्टी आणि काच जोडीनंच बॅगेत घालून घेऊन गेला.

तेवढ्यात माझाच पुढचा दात मोडला. कुणीतरी लोणावळ्याची चिक्की आणली होती, आणि ती समोरच्या दातांनी तोडायची नसते हे मला दात गेल्यावर कळलं. प्रभावतीनं उरलेला खुंट घासून माप घेतलं आणि पक्की टोपी करायला ते पुण्याला पाठवलं. तोवर प्लास्टिकचा दात बसवला, तो लवंगेच्या तेलात कालवलेल्या पांढऱ्या लगद्यानं. (तोंडाला दिवसभर मसालेभाताचा वास. मला आवडला.) पण बोट लावलं की वाटायचं, हा आत्ता हातात येतोय. आणि माझं उद्धवरावांच्या निरोप-समारंभात भाषण ठरलेलं! उद्धवराव आमचे फोरमन, बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. म्हणून मी टूलरूममधून दोन ट्यूबांचा डिंक आणला. लोखंडाला लोखंड धरतो. ट्यूबा तिच्या टेबलावर ठेवून म्हणालो, यानं बसव.

तिनं ट्यूबांवरचं सगळं वाचलं. मग विचारलं, "मामा, हे चिकटवलेलं काढतात कसं?"

मी अभिमानानं म्हणालो, "काढायचं कशाला? छिन्नी लागते त्याला."

"मग पक्की टोपी आली की तुमच्या तोंडात छिन्नी घालू?"

मी ट्यूबा उचलून खिशात घातल्या.

समारंभ कँटीनमध्ये होता. तिन्ही शिफ्टचे लोक, प्रभावतीही दवाखान्यातून पिशवीसकट थेट आलेली. माझं भाषण रंगलं होतं. मी हात वर करून म्हणालो, "फोरमन असावा तर असा!" आणि 'फो' बरोबर दात सुटला. तो गेला थेट उद्धवरावांच्या झेंडूच्या हारात. उद्धवरावांना वाटलं फुलातून भुंगा आला. ते उठून हार झटकायला लागले, कँटीन हसून लोटपोट, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सुनंनं बसवलेला दात बघा राव! घरच्यांचाच टिकंना!"

गुरुजी, मी तोंडावर हात धरून उभा होतो, पण लाज दाताची नव्हती वाटत. पोरीचा दवाखाना माझ्या तोंडानं बुडाला, एवढंच डोक्यात होतं.

प्रभावती उठली. घाई नाही, की मान खाली नाही. स्टेजवर आली, हारातून दात वेचला, माझा खुंट बघितला आणि माइकसमोर उभी राहिली. "हा दात तात्पुरता आहे. तो मुद्दाम हलका बसवलाय. जोर आला तर यानं निघावं, खालचा खरा दात मोडू नये, म्हणून. घट्ट बसवायचं सिमेंट माझ्याकडे आहे. ते पक्क्या दाताला वापरीन."

मग आमच्या लेथवरचा जयसिंग, मावळातला गडी, बाकावर चढून ओरडला, "आरं, शिअर पिन हाय ती! पिन तुटती म्हून गिअर वाचतो! डाक्तरीनबाई बरुबर बोलत्यात!"

मशीनवर जन्म काढलेल्या लोकांना आणखी काय सांगायचं? सगळ्या कँटीनच्या माना हलल्या. प्रभावतीनं पिशवीतून काच आणि बाटली काढली, लगदा कालवला, सगळ्यांसमोर दात बसवला आणि म्हणाली, "बोला मामा. फक्त फोरमन म्हणू नका." मी पुढचं सगळं भाषण 'उद्धवराव, उद्धवराव' म्हणत संपवलं, आणि खरं सांगतो, ते जास्त चांगलं झालं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यासमोर रांग. सगळ्यात पुढे जयसिंग, गाल धरून. परवा माझी पक्की टोपी आली. तिनं काच गार करून, चिमटी-चिमटीनं घोटून ती बसवली. आता मी भाकरीचा कडक पापुद्राही तोडतो. शिक्षण तुम्ही दिलंत, सून आम्हाला मिळाली. या व्यवहारात आमचाच फायदा झाला, हे कबूल करतो.

घरच्या सर्वांना आठवण सांगावी. तुमच्या जावयाला, भिवाला, या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणून त्याचाही जयभीम मीच लिहितो.

आपला,
अर्जुन

ता. क. मागे सोजरबाई आल्या तेव्हा गिरजाजवळ बोलून गेल्या की तुम्ही दिवाळीपासून एकाच बाजूनं जेवता, तेही भाकरी दुधात भिजवून, आणि मुलीसमोर तोंड काय उघडायचं म्हणून इकडे येत नाही. प्रभावतीनं ते ऐकलं. आणि नंतर खुर्चीचं डोकं टेकायचं सुताराकडून उंच करून घेतलं. गुरुजी, आमच्या घरात उंच कुणी नाही, आणि जयसिंग तर माझ्या खांद्याला लागतो. तेव्हा या.

ता. क. दुसरा. वरची विनंती वाचून विचार करायला वेळ घ्याल, म्हणून सांगतो, येत्या रविवारी तुम्ही येताय असं मी तिला कालच सांगून टाकलंय. तिनं त्या दिवशी दुसरा पेशंट घेतलेला नाही. यायचं नसेल तर तिलाच कळवा. माझ्यात तेवढी हिंमत नाही.