टँकच्या पाण्याचा रिपोर्ट

बाई, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि आपली पाणी तपासायची लॅब आता मी चालवते. हे ऐकून तुम्ही "मग लॅबचं काही खरं नाही" असंच म्हणाला असतात. बेसिनवरची तुमच्या हातची "हात धुतलेत का?" ही पाटी मी काढलेली नाही. नवीन मुली तिला हसतात आणि हात धुऊन येतात.

मला नोकरीतला पहिला एप्रिल आठवतो. पोहण्याच्या एका टँकवर तुम्ही मला पाण्याचा नमुना आणायला पाठवलंत. ऊन रणरणतंय, तिथले मॅनेजर मला पंख्याखाली बसवतात, चहा देतात आणि म्हणतात, "तुम्ही कशाला उन्हात जाता, बाटली भरून ठेवलीय." मी ती पिशवीत घालून आणली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "हात घातलास का पाण्यात?" "नाही, त्यांनीच भरून दिली." "चहा कसा होता?" "चांगला होता." "मग चहाचाच रिपोर्ट लिही. तेवढाच तू स्वतः तपासलायस." बाटली बेसिनमध्ये ओतलीत, आणि शेवटची बॅच संपता संपता मला घेऊन स्वतः तिथे गेलात. पदर खोचून काठावर गुडघे टेकलेत आणि लहान पोरं दाटीवाटीनं उभी राहतात त्या उथळ कोपऱ्यात कोपरापर्यंत हात घातलात. "सकाळी क्लोरीन टाकल्यावर सगळेच टँक सोवळे असतात," म्हणालात. "पोरं डुंबून गेल्यावर पाणी कसं आहे ते बघायचं." दोन दिवसांनी काचेच्या बशीत हिरवट ठिपके उगवले, कान फुटायला लावणाऱ्या जंतूंचे. मला मात्र तुमचा इतका राग आला होता की आठवडाभर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

यंदा मे महिन्यात वारज्याकडच्या एका टँकचा नमुना मीच आणला, तुमच्या पद्धतीनं, शेवटच्या बॅचनंतर. माझी तेरा वर्षांची मुलगी तिथेच पोहते, आणि राज्याच्या संघाची निवड दहा दिवसांवर आली होती. बुधवारी दुपारी बशीत तेच हिरवट ठिपके दिसले. तुम्ही पाच मिनिटांत फोन केला असतात. मी स्वतःला म्हटलं, घाई नको, परत एकदा तपासणी लावून बघू, आणि रिपोर्टचा कागद ड्रॉवरमध्ये सारला. टँक बंद झाला की लेकीचा सराव बुडणार, एवढंच डोक्यात होतं. संध्याकाळी घरी जाऊन तिला म्हणाले, "तुला सर्दी होतेय, आज नको जाऊस." बाकीची चाळीस पोरं त्या दिवशी पाण्यात उतरली. बाई, मला याची फार लाज वाटते.

गुरुवारी सकाळी रिपोर्ट दिला. तिथले मॅनेजर तरुण आहेत, हुज्जत घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तासाभरात गेटला कुलूप लावलं. टँक रिकामा करून घासला, फिल्टरमधली वाळू बदलली, आणि आता अंगाला साबण लावून अंघोळ केल्याशिवाय ते कुणाला पाण्यात सोडत नाहीत. "मॅडम, पुढचा नमुना शेवटच्या बॅचनंतरच घ्याल ना?" असं आपणहून विचारतात. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात. एका मुलाचा कान दुखत होता, तो औषधानं बरा झाला. त्याला ते बुधवारच्या पाण्यानं झालं की आधीच्या, हे मला कधीच सांगता येणार नाही.

मुलीची निवड झाली नाही. एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन निघाली. निघताना दारातच विचारलं, "आई, त्या बुधवारी मला सर्दी नव्हतीच ना?" "नव्हती," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ती चपलेचा बंद लावत बसली. मग म्हणाली, "बाकीच्यांच्या आयांना पण सांग." तुम्हाला तिनं कधी पाहिलेलं नाही, पण बोलते तुमच्यासारखीच तोडून.

उद्या संध्याकाळी टँकवर पालकांची मीटिंग आहे. तिथे मी उभी राहून सांगणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. सगळ्यांसमोर बोलण्याआधी एकदा कुणापुढे तरी म्हणून बघायचं होतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती तुमचीच वाटते. तुमच्यापुढे म्हणून झालं. आता चाळीस घरांपुढेही जमेल.