शहबाने उचलून धरलेला पाय

मी, झहूर बिन्त अल-मक्की, वय एकाहत्तर, राहणार मेकनेसबाहेर बूफक्रानच्या रस्त्यालगत, धंदा मुलांना घोड्यावर बसायला शिकवणं, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. पोटातलं दुखणं आता बरं होणारं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. ते तपासायला आलेल्या दोघा अदूलांना, म्हणजे दस्त नोंदणाऱ्या अधिकृत साक्षीदारांना, मी दारातच बुटाच्या सुटलेल्या नाड्या बांधायला लावल्या, त्यावरून त्यांची खात्री पटली. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. दाब आणायचे प्रयत्न बऱ्याच जणांनी करून पाहिले, ते आता त्या भानगडीत पडत नाहीत.

कलम पहिलं. माझी मिळकत म्हणजे माझी घोडेस्वारीची शाळा. तिच्यात आली जमीन, विहीर, तबेला, वाळूचं गोल रिंगण, नऊ घोडे आणि त्यांची खोगिरं. मला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेला. कायद्याने माझा वारस एकच, धाकटा भाऊ तय्यब. कायदा असाही आहे की, मी माझ्या मर्जीने मिळकतीचा तिसरा हिस्सा तेवढा परक्याला देऊ शकते, बाकी वारसाचं. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शाळेचे तीन तुकडे करायचे कसे? विहीर एकाला आणि तहान दुसऱ्याला?

"लल्ला, तुम्ही तर सगळंच नालबंदाच्या इत्तोला लिहिताय," थोरले अदूल सी बेन्नासर लेखणी थांबवून म्हणाले. "तिसऱ्या हिश्श्याच्या पुढचं टिकायचं नाही."

"मग टिकेल कसं ते सांगा."

"वारसाने संमती दिली तर. तुमचं हे शेवटचं आजारपण, तेव्हा त्याने आत्ता समोर येऊन हो म्हटलं तरी धरता येईल."

"अठरा वर्षं तो माझ्या अंगणात पाय टाकत नाही."

"बोलावून तर बघा."

म्हणून तय्यबला निरोप धाडला आहे. तो येईल असं मला वाटत नाही. तोवर पुढचं लिहा म्हटलं.

कलम दुसरं. वर सांगितलेली सगळी मिळकत, न तोडता, मी इत्तोला देत आहे. इत्तो ही मोहा नालबंदाची मुलगी, माझ्या रक्तानात्याची नाही. ती माझ्याकडे शिकली आणि आता माझ्यापेक्षा बरं शिकवते, हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. हे कलम तिला वाचून दाखवताना हळू आवाजात वाचावं.

तय्यबने चहाच्या दुकानात बसून सांगितलं आहे की, बहिणीनंतर जमीन घरं बांधणाऱ्याला देणार आणि घोडे बाजारात. आठ घोड्यांना गिऱ्हाईक मिळेल. नववी शहबा. ती करड्या रंगाची, बर्बर जातीची घोडी आता पंचवीस वर्षांची आहे, दात झिजलेत, गवत भिजवून द्यावं लागतं. तिला बाजारात एकच गिऱ्हाईक, घोड्याचं मांस विकणारा खाटीक. मी हे मृत्युपत्र करते आहे ते मुख्यतः एवढ्यासाठी.

कलम तिसरं. शाळा ज्याच्या हाती असेल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. नवं मूल आलं की त्याला लगेच घोड्यावर बसवू नये. आधी खरारा करू द्यावा, खुरातली माती काढू द्यावी, दावं धरून घोड्याबरोबर चालू द्यावं. मग मऊ वाळूत पडायला शिकवावं. पडता येत नाही त्याला बसता येत नाही. हेल्मेटशिवाय कुणालाही वर चढवू नये, तो मंत्र्याचा मुलगा असला तरी, आणि असला तर मुळीच नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, दोनदा आवळावा: एकदा खोगीर घालताना, दुसऱ्यांदा चार पावलं चालवून आणल्यावर, कारण पट्टा दिसला की घोडा पोट फुगवून धरतो आणि आपली पाठ वळली की सोडून देतो. एवढा मोठा जीव आणि त्याची ही लबाडी! रिकिबीत पाय असा असावा की पडताना आपोआप सुटेल. आणि कुठल्याही माणसाला, कुठल्याही कारणाने, कधीही घोड्याला बांधू नये.

तबेल्यात इतकी वर्षं काढूनही रोज सकाळी मला एका गोष्टीचं नवल वाटतं. घोडा मनात आणील तर भिंत पाडेल. तरी पाच वर्षांचं पोर दोन बोटांनी लगाम ओढतं आणि तो थांबतो. का थांबतो? मी पुष्कळांना विचारलं. वैद्य सांगतात सवय, इमाम सांगतात अल्लाची देणगी, तय्यब म्हणायचा चाबूक. मला कुणाचंच पुरतं पटलेलं नाही. मी आपली दाराशी उभी राहून बघते आणि छाती भरून येते.

कलम चौथं. बांधू नये असं का, ते लिहून ठेवते. आमच्याकडे मूल पहिला रोजा धरतं तेव्हा त्याला नटवून, सनई-ढोलाच्या मागे, घोड्यावरून मिरवतात. मूल लहान, घोडा उंच. म्हणून कमरेच्या कापडाने ते खोगिराला बांधून टाकायचं, पायही रिकिबींना बांधायचे, अशी जुनी रीत. आईबापांना वाटतं, बांधलं म्हणजे पडायचं नाही. पडल्याने मूल रडतं. अडकल्याने मरतं.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट, इत्तो आठ वर्षांची. सत्ताविसाव्या रोजाच्या दुपारी तिची मिरवणूक होती. तय्यब घोडेस्वारांच्या पथकाचा म्होरक्या. एका रांगेत दौडत जायचं आणि सगळ्यांनी मिळून बंदुकांचा एकच बार काढायचा, असलं ते पथक. मी मुलांचा वर्ग आटपेपर्यंत त्याने शहबाला नेलं, खोगीर चढवलं, तंग एकदाच आवळला आणि पोरीला आपल्या फेट्याने घट्ट बांधून टाकलं. मी पोहोचले तेव्हा मिरवणूक मशिदीच्या वळणावर होती. शहबाने पोट सोडलं होतं, तंग ढिला पडला होता. माझ्या डोळ्यांदेखत खोगीर फिरलं आणि पोरीसकट पोटाखाली गेलं.

इत्तो उलटी लटकली, डोकं मागच्या पायांपाशी. ढोल थांबले नाहीत, कारण ढोलवाले पुढे होते. पथकातल्या कुणीतरी त्याच वेळी आनंदाचा बार काढला. अशा वेळी घोडा उधळतो. पोटाखाली काही वळवळलं तर लाथा झाडतो, त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या पूर्वजांना सिंहांनी तिथेच धरलेलं आहे. शहबा उधळली नाही. तिने पुढचं पाऊल टाकायला मागचा पाय उचलला होता. खाली पोरीचं डोकं. तो पाय तिने तसाच अधांतरी धरून ठेवला. तीन पायांवर उभी, सगळं अंग थरथरत होतं, घामाचे थेंब पोरीच्या चेहऱ्यावर पडत होते, पण पाय खाली आला नाही. तय्यब घोडीच्या तोंडाशी उभा होता, हातात कट्यार. मी ती हिसकावली, फेटा कापला, पोरीला ओढून काढलं. मग शहबाने पाय टेकवला, हळूच.

कापड कापायला कट्यार काढण्याइतकी अक्कल तय्यबला झाली, एवढं श्रेय मी त्याला तेव्हाही दिलं आणि इथेही देते. मग मात्र साऱ्या पथकादेखत सुनावलं की, पुन्हा लहान मुलाच्या खोगिराला हात लावशील तर याद राख. त्या दिवसापासून तो इकडे फिरकला नाही. उलट गावभर सांगत सुटला की, बहीण मुलांच्या डोक्यावर पातेली घालून त्यांना भित्रं करते, आणि घोडीने काही केलं नाही, ती भीतीने गोठली होती. मला दिलेल्या शिव्या मी विसरले आहे. घोडीबद्दल बोलला ते विसरलेली नाही.

कलम पाचवं. वडिलांचं जरीकामाचं खोगीर तय्यबला द्यावं. त्याच्यावर बसून तो माझ्यापेक्षा देखणा दिसतो, हे खरं आहे.

इथवर लिहून झालं आणि तय्यब फाटकात दिसला. पुढे जे झालं तेही लिहा, असं मी सांगितलं. सी बेन्नासर म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हटलं, मरणार मी आहे की पद्धत? तेव्हा लिहिलं जात आहे ते असं:

तय्यब बसला नाही. वहाणाही काढल्या नाहीत. अदूलांनी त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं. जमिनीचं ऐकताना तो नुसता मिशीवरून हात फिरवत होता. चौथं कलम संपलं तेव्हा म्हणाला, "ते शेवटचं परत वाचा."

परत वाचलं.

"लल्ला, कट्यार मी कापड कापायला काढली होती असं लिहिलंयस तू?"

"मग कशाला काढली होतीस? खरबूज चिरायला?"

"घोडीच्या गळ्यात खुपसायला."

 त्यानेच पुढे सांगितलं.

"बार वाजला. मला वाटलं, आता ही उधळणार आणि पोरीचा चेंदामेंदा होणार. घोडीच पाडली की संपलं, एवढंच सुचलं. पातं तिच्या गळ्याला टेकवलं, टोक कातडीत रुतलं. कुठलाही घोडा मागे सरतो गं! ती मागे सरती तर तो पाय पोरीच्या डोक्यावर येता. ती सरली नाही. गळ्याशी पातं, पोटाखाली पोर, आणि माझ्याकडे बघत उभी. मी दाबणार एवढ्यात तू आलीस आणि हिसकावलीस. आणि म्हणालीस काय, तर शाबास, निदान एवढी तरी अक्कल चालली तुझी."

"म्हणाले होते."

"घरी गेल्यावर डोक्यात आलं, घोडी पडली असती ती पोरीच्याच अंगावर. सगळ्यांदेखत शिव्या घातल्यास त्या मी पचवल्या, लल्ला. ती शाबासकी नाही पचली. आणि इथे यायचं म्हणजे त्या घोडीला तोंड दाखवायचं. तिला सगळं माहीत आहे."

मला वाटत होतं, शहबाला मी पुरती ओळखते. ढोल, बंदूक, पोटाखालचं ओझं, एवढं तिने सोसलं याचंच मी आयुष्यभर नवल करत आले. गळ्याला पातं होतं हे मला आज कळलं. मी भावाचा हात धरला. अल्लाने एवढं मोठं काळीज गवत खाणाऱ्या जनावरात का ठेवलं असेल, हे मी त्याला विचारलं. आम्ही दोघं रडलो. हेही लिहा.

"सी तय्यब," धाकटे अदूल सी अल-हाश्मी यांनी घसा साफ करून विचारलं, "तिसऱ्या हिश्श्यापलीकडच्या दानाला वारस म्हणून तुमची संमती आहे का?"

"आहे. सगळं त्या पोरीला जाऊ दे. लिहा, एक ढेकूळही नको मला. फक्त आधी मी जरा तबेल्यात जाऊन येतो."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून घेतलं, समजलं, मान्य आहे.

सही: झहूर बिन्त अल-मक्की

नोंदणारे व साक्षी: बेन्नासर अल-वझ्झानी, अदूल. अल-हाश्मी बिन क़द्दूर, अदूल.

स्थळ: बूफक्रान रस्ता, मेकनेस. गुरुवार, ७ नोव्हेंबर २०१९.

अदूलांची टीप: वारस तय्यब बिन अल-मक्की यांची संमतीची सही तबेल्यात जाऊन घेतली. बरीच वाट पाहिली, परंतु ते घोडीच्या गळ्यात हात घालून उभे होते आणि बाहेर यायला तयार नव्हते. सहीसाठी त्यांनी एकच हात मोकळा केला.