पेपरात नसलेलं नाव

ता. हुलसूर, जि. बीदर
२ ऑगस्ट २०२४

प्रिय मंगल,

सप्रेम जयभीम. तू आणि प्रियंका निंबर्ग्याला सुखरूप असाल. तुझ्या भावाला, तात्यारावांना, माझा जयभीम सांग.

तू फोन उचलत नाहीस. पाच वेळा लावला, मग सोडून दिलं. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर पोस्टमास्तर म्हणाला, "अक्का, पत्र? कोण वारलं काय?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, जित्या माणसाला लिवायलेय."

इकडचं म्हणशील तर मूग फुलावर आहे. तुझी शेळी व्याली. दोन करडं, दोन्ही पाटी, बोकड एकही नाही. यल्लम्माच्या गोठ्यात ठेवलीत, म्हातारी दिवसभर त्यांच्याशी कन्नडमध्ये भांडते. तुझा घरवाला अमरदीप हैदराबादहून तुझे कपडे आणि प्रियंकाची पुस्तकं न्यायला आला होता. मी पाणी दिलं ते प्याला. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघाला.

खरी बातमी पुढेच आहे. तपासणीचा कागद आला. जूनमध्ये शाळेतल्या एकोणीस लेकरांना उलट्या झाल्या त्या जेवणानं नव्हे, टाकीच्या पाण्यानं. गटारीपाशी पाइप फुटला होता. डाळ, तांदूळ, तेल, सगळं चांगलं निघालं. कोठीतलं धान्य साहेबांनी पोतं पोतं मोजून पाहिलं, बरोबर भरलं. तू काही विकलं नव्हतंस. हे तुला कुणी सांगायला नको, पण कागदावर आलंय म्हणून लिहिते.

त्या पेपरवाल्यांनी फार वाईट केलं. 'लेकरांच्या तोंडची डाळ विकून किडकी शिजवली' असं बेधडक छापलं. कुणाला विचारलं नाही, भांड्यात डोकावलं नाही. मग तेच कात्रण मोबाइलवर गावोगाव फिरलं. आम्ही बायकांनी ठरवलंय, बसवकल्याणला त्यांच्या ऑफिसात जायचं आणि चूक झाली म्हणून त्यांच्याच पेपरात छापायला लावायचं.

शाळेतला स्वयंपाक चालू आहे. निलम्मा आहे, बाकीच्या आहेत. त्याची काळजी करू नको.

तुझी अक्का,
सुभद्रा


१४ ऑगस्ट २०२४

मंगल,

जयभीम. उत्तर आलं नाही. मागचं पत्र टाकल्यापासून हाताला चैन नाही. घासलेला तवा पुन्हा घासते. अंगण झाडून होतं आणि पुन्हा झाडू हातात असतो. त्या पत्रात खोटं एकही अक्षर नव्हतं. तरीही ते पत्र खरं नव्हतं.

आधी ऑफिसातलं सांगते.

आम्ही अकरा जणी गेलो. दुपारचं जेवण वाढून, भांडी घासून, अडीचच्या बसनं. बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. निलम्मा कंडक्टरला म्हणाली, "अण्णा, भांडायला जायलाव आमी. आमचं भांडण बी सरकारच्या खर्चानं."

टायरच्या दुकानावर वरच्या मजल्याला ऑफिस आहे. ती बातमी लिहिणारा पंचाक्षरी तिथं बसला होता. तरणा माणूस, इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून उठला. "बसा, बसा. चहा सांगू का?"

निलम्मा म्हणाली, "नको. चहात काय मिसळलंय ते उद्या पेपरात आल्याबिगर कळायचं न्हाई."

त्यानं तपासणीचा कागद वाचला, परत दिला. "आम्हाला माहिती मिळाली, आम्ही छापली."

"कुणी दिली माहिती?" निलम्मानं विचारलं.

"ते सांगता येत न्हाई."

"मग आमच्या मंगलचं नाव घालवलं त्याचं काय? पोर हाय तिला. वर्गात शेजारी कुणी बसंना म्हणून शाळा सोडून गेलं ते लेकरू."

तो हसला. मला ते हसू अजून दिसतं. "कोण मंगल?" म्हणाला. उठून जूनचा गठ्ठा काढला, आमच्यासमोर पान उघडलं आणि बातमी मोठ्यानं वाचली. ऐकून कन्नड सगळ्यांना थोडंफार कळतं, निलम्माच्या तर घरातली भाषा. वाचता येत नाही इतकंच. त्या दिवशी पहिल्यांदा बायकांनी ती बातमी जशी छापली होती तशी ऐकली. त्यात गावाचं नाव होतं. शाळा होती. पुढं 'शाळेतील एक स्वयंपाकीण' एवढंच होतं.

तुम्ही तिथं चौघी होतात.

खाली टायर आपटल्याचा आवाज आला. निलम्मा माझ्याकडं वळली. "सुभद्रक्का, तू तर मंगल म्हणून वाचलीस की."

मी म्हटलं, "डोळ्यापुढं होतं तसं वाचलं."

येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. बाकीच्या उभ्या राहून आल्या.

आता जे लिहायचं ते लिहिते. माझे मालक असताना हुलसूरहून सहा गावांना सायकलीवर पेपर टाकायचे हे तुला माहीत आहे. उरलेल्या पेपरांवर मी अक्षरं शिकले. आधी मराठी, मग बसच्या पाट्या बघून कन्नड. ते गेले तरी एजंट त्यांच्या आठवणीत एक पेपर पाठवतो. विहाराच्या ओट्यावर ते ज्या जागी बसून वाचायचे तिथं मी बसू लागले. कन्नड वाचायचं आणि बायकांना मराठीत सांगायचं. कुठं पेपर संपला आणि कुठं माझं सुरू झालं, हे ऐकणारीला कळत नाही. त्या मला विचारतही नाहीत. पेपर मालकांच्या हातचा, म्हणजे खरा.

त्या सकाळी मी 'एक स्वयंपाकीण' इथवर आले. यल्लम्मानं विचारलं, "कोण गं ती?" पेपरात दिलं नाही म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "मंगल. कोठीची चावी तिच्यापाशीच असती की." मान वर केली नाही. बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि पुढं वाचत गेले. तीन दिवसांत तुझ्या दारावर शेण मारलं कुणीतरी. ते मारणाऱ्याचा हात मी पाहिला नाही, पण बोट माझं होतं.

कामून केलंस, असं तू विचारशील. मालक गेले तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, विधवा बाईला आधी घेऊ. मग ती जागा तुला मिळाली. तू तर महिनाभर माझ्याकडं भाकरी घेऊन येत होतीस, माझ्या डोक्याला तेल लावत होतीस. मी तुझी भाकरी खात होते आणि ते मनात धरून होते. बोलले असते तर भांडण होऊन मिटलं असतं.

आणखी एक. शाळेतला स्वयंपाक चालू आहे असं मी लिहिलं होतं. तुझ्या जागी मी आहे. जुलैपासून. हे लिहिताना कोठीची चावी माझ्या कमरेला आहे.

सुभद्रा


२५ ऑगस्ट २०२४

मंगल,

जयभीम. उत्तराची वाट बघत नाही, तरी पोस्टमन दिसला की उभी राहते.

नाव नसलं तरी बातमी खोटीच होती, म्हणून आम्ही त्या ऑफिसच्या जिन्यावर सहा दिवस बसलो. रोज अडीचची बस. तिसऱ्या दिवशी चिंताकीच्या शाळेत रांधणाऱ्या बाया आल्या, मग आणखी दोन गावांच्या. प्रत्येकीनं घरातले त्या पेपरचे जुने अंक आणून पायरीवर ठेवले. जिना चढायला जागा राहिली नाही. मी पण बसले. निलम्मा माझ्याशी बोलत नव्हती, पण ऊठ असंही म्हणाली नाही.

शेवटी ते छापायला तयार झाले. मी पंचाक्षरीला म्हटलं, त्यात मंगलचं नाव घाला, ती निर्दोष आहे असं लिहा. तो म्हणाला, "बातमीत नाव न्हाई, तर खुलाशात कसं येईल? तुम्हीच घातलंत, तुम्हीच काढा." त्या माणसावर माझा राग आहे आणि राहील. पण हे तो खरं बोलला.

तीन दिवसांपूर्वी छापून आलं. पाचव्या पानावर, खाली, चार ओळी. 'एका स्वयंपाकिणीविषयी प्रसिद्ध झालेली माहिती चुकीची होती.'

मी ओट्यावर बसले. नेहमीपेक्षा बाया जास्त होत्या, गडीमाणसंही होती. चार ओळी आधी कन्नडमध्ये वाचल्या, मग मराठीत सांगितल्या. मग पेपराची घडी करून बाजूला ठेवली आणि म्हटलं, "आता पुढचं पेपरात न्हाई. मंगलचं नाव कुणी छापलं नव्हतं. मी घेतलं. तिची जागा मला पायजे होती."

मग यल्लम्मा काठी टेकत उठली. "मी इचारलं तुला त्या दिशी. तुझ्यावर इश्वास ठेवून म्या चार घरी सांगितलं. माझं तोंड बी खराब केलीस गं." आणि पेपराची घडी माझ्या पुढ्यातून उचलून घेतली. "उद्यापासून तू वाचू नको."

आता निलम्माची सून वाचते. मी खाली बसून ऐकते. पोरगी अडखळते, पण जेवढं आहे तेवढंच वाचते. मालकांची ती जागा सुटली तेव्हा ते दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. ते माझं मी बघेन.

चावी हेडमास्तरांकडे दिली. कमिटीत सगळं सांगितलं, लिहून सही केली. ते म्हणाले, दोन सप्टेंबरपर्यंत जागा रिकामी ठेवतो, मंगलबाईंना कळवा. म्हणून कळवते. तू यावंस असं मी म्हणत नाही. मी म्हणणारी कोण? आलीस तर शेळी यल्लम्माकडं आहे, आणि प्रियंकाच्या बाकावर बसायला निलम्माची नात तयार आहे. तिनंच मला सांगितलं.

मालकांचं नाव मी सगळ्या संसारात तोंडानं घेतलं नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून. तुझं किती सहज घेतलं.

हे पत्र तात्यारावांसमोर मोठ्यानं वाच. निंबर्ग्यात ज्यानं ज्यानं ते कात्रण पाहिलंय त्याला वाचून दाखव, कन्नडमध्ये सांगायचं तर सांग. फक्त खालचं नाव गाळू नको.

सुभद्रा राजपाल सूर्यवंशी