पंपाचा दांडा

वाराणसी, मंगळवार संध्याकाळ

पुन्हा तेच! दुकानातल्या नव्या लेझर मशीनच्या कंट्रोलरला अर्थिंग हवं म्हटलं की मालक हसतात. "अरे मराठे, तार हैंडपंप से बाँध दे, सीधे पाताल जाएगी."

त्या पंपावर अख्खी गल्ली पाणी भरते. कंट्रोलरच्या लोखंडी डब्यात करंट उतरला तर दांड्यात येणार नाही? मी सातवी नापास, पण एवढं कळतं. समोरच्या जोशीकाकू ओल्या हातांनी तोच दांडा धरतात.

मालकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "तो अपने पैसे से गड्ढा खोद."

खणला, दुकानामागे. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, हिरवी तार, सगळं पगारातून. मशीन अजून चालू केलेलं नाही, उद्या आधी टेस्टर लावून बघणार.

काकू दांडा हलवत म्हणाल्या, "काय पुरतोयस रे?" तुळस लावतोय म्हटलं.

आईला या महिन्यात दोन हजारच.