पांढरा दाणा

प्रिय अंदोनी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला बसलोय. आधीची तीन भट्टीत गेली. आज सकाळी कणकेत दोनदा मीठ पडलं आणि तो पाव गावाने मुकाट्याने खाल्ला, त्यावरून माझी काय अवस्था आहे ते ओळख. माझ्या लेकीने, नाहियाने, तुला तिच्या सिनेमाच्या शनिवारच्या खेळाचं बोलावणं धाडलंय. सिनेमा संपला की ती आपल्या दोघांना पडद्यासमोर उभं करणार आणि सगळ्या गावादेखत आपली गळाभेट होणार, असा बेत आहे. त्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. ती सांगायचा धीर येईतो सिनेमाबद्दल लिहितो.

चार अतिरेकी एका बँकवाल्याला पळवायला जातात आणि चुकून त्याच्या स्वयंपाक्याला उचलून आणतात. हा गडी खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत त्यांच्या जेवणाला नावं ठेवतो. मासा असा करपवणारे तुम्ही, देश कसला स्वतंत्र करताय, म्हणून झापतो. शेवटी वरून निरोप येतो, याचं काय करायचं ते मत घेऊन ठरवा. प्रत्येकाला घेवड्याचा एक काळा आणि एक पांढरा दाणा देतात, काळा म्हणजे मारा, पांढरा म्हणजे सोडा; मडक्यात दाणे पडतात, आणि मोजायला जावं तर स्वयंपाक्याने सवयीने मडकं चुलीवर चढवलेलं. मतं शिजून गेलेली. मग चौघं बसून जेवतात.

शूटिंग आपल्याच स्वयंपाक-मंडळात झालं, दर गुरुवारी आपण मिळून रांधायचो-जेवायचो त्याच खोलीत, गेल्या जूनमध्ये. आपल्या म्हाताऱ्यांना तिने अतिरेक्यांचे, डोळ्यांपुरती भोकं असलेले बुरखे घालून मागे उभं केलं होतं. पेलोला चष्मा बुरख्याच्या आतून घालायचा की बाहेरून ते शेवटपर्यंत कळलं नाही. एनेकोच्या लोकरीच्या बुरख्याने अंगाला इतकी खाज सुटली, की तो म्हणाला, एवढं सोसून ती पोरं डोंगरात राहिली कशी? सगळे हसले आणि मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. आपल्या गावात हसू असंच येतं अजून. दवाखान्याच्या रांगेत एक बाई नाहियावर तडकली, आमच्या मेलेल्यांवर हसतेस होय गं? त्याच रांगेतला एक जण म्हणाला, आमच्या तुरुंगातल्यांची टवाळी करतेस, लाज नाही वाटत? नाहिया घरी येऊन म्हणाली, बाबा, दोघंही एकाच रांगेत उभे होते, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

ते मतदान तिने कुठून घेतलं, हे तुला सांगायला नको. तू अतिरेक्यांना विरोध करणाऱ्या पक्षाचा नगरसेवक झालास, भिंतीवर तुझं नाव आलं, नावाभोवती नेमबाजीचं वर्तुळ आलं. मग मंडळाच्या दाराशी तुझे दोन पहारेकरी उभे राहू लागले. आपण त्यांना सॉसेज घालून पाव द्यायचो, आठवतं? आणि एक दिवस कुणीतरी म्हणालं, अंदोनीने थोडे दिवस न आलेलं बरं, एखाद्या गुरुवारी स्फोट व्हायचा आणि आपण सगळेच जायचो. तुझ्यामागे आम्ही अकरा जण बसलो. नवा सभासद घेताना करतो तसंच केलं, प्रत्येकाच्या हातात एक काळा दाणा आणि एक पांढरा. पांढरा म्हणजे राहू दे, काळा म्हणजे नको; एक मडक्यात टाकायचा, दुसरा मुठीत झाकून खिशात घालायचा. दहा काळे निघाले, एक पांढरा.

तुझी किल्ली परत आणायला मलाच पाठवलं. तू किल्ली माझ्या हातावर ठेवलीस, मला मिठी मारलीस आणि म्हणालास, कोल्दो, एक पांढरा होता असं कळलं, तो तुझाच ना? मी काही बोललो नाही. तू ते हो धरलंस. तू गाव सोडून अलिकांतेला गेलास, आणि त्यानंतर दर नाताळाला तिथून तुझी बदामाची वडी येते आणि सोबत चिठ्ठी, पांढऱ्या दाण्याला सप्रेम. नाहिया सात वर्षांची असताना तिने विचारलं, पांढरा दाणा म्हणजे काय? तेव्हा मात्र मी बोललो. छान रंगवून सांगितलं. त्या दिवशीचा दाणा काढून दाखवला, आणि तेव्हापासून तो आमच्या कपाटात काचेच्या डबीत आहे.

आता शांतता आल्यापासून तो पांढरा दाणा बऱ्याच जणांचा झालाय. नाहियाने जुन्या वस्तू मागितल्या, तर शूटिंगच्या दिवशी पाच जण आपापला दाणा घेऊन हजर. कुणी रुमालात, कुणी पाकिटात. पाचही पांढरे. माझी डबी धरून सहा. टेबलावर ओळीने मांडले. नटाने मडक्यात पांढरा दाणा टाकला आणि वस्तूंची नोंद ठेवणारी ती लेइरे म्हणून मुलगी आहे, तिने सहज विचारलं, यांनी पांढरा टाकला, म्हणजे मुठीत आता काळा राहिला ना? मग हे सगळे पांढरे कसे? साधा प्रश्न. पेलोने चष्मा पुसला. साबिन उठला आणि चुलीवरचं कालवण ढवळत बसला. नाहियाने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

तिने तो प्रसंग तसाच सिनेमात घातला. चौघं अतिरेकी म्हातारे झालेत, प्रत्येक जण छाती काढून आपला पांढरा दाणा दाखवतो. दोनोस्तिया शहरात चाचणीचा खेळ झाला तेव्हा लोक पोट धरून हसले. मीही हसलो, आणि मग मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

साबिनबद्दल सांगायचं राहिलं. त्याचा मुलगा संघटनेपायी तुरुंगात, म्हणून आपण सगळे त्याला टरकून असायचो. तो खोलीत आला की विषय बदलायचो. पांढऱ्या दाण्यावर हक्क न सांगणारा आमच्यात तो एकटाच. सिनेमाच्या कपड्यांना बटणं कमी पडली म्हणून त्याच्या बायकोने, आरांत्साने, नाहियाला बटणांचा डबा दिला, तर त्यात कागदात गुंडाळलेला एक काळा घेवडा निघाला. ती म्हणाली, टाकू देत नाही गं हा माणूस, किती वर्षं झाली.

माझा काळा होता, अंदोनी. मी संघटनेच्या बाजूचा नव्हतो, हे तुला माहीत आहे. मला भीती वाटली, नाहिया चार वर्षांची होती, आणि मी मनाशी म्हटलं, बाकीचे टाकतीलच की पांढरा. मला त्याची लाज वाटते. त्याहून जास्त लाज सव्वीस वर्षं तुझी वडी खाल्ल्याची वाटते. सिनेमाच्या सुरुवातीला नाहियाने लिहिलं होतं, पांढरा दाणा टाकणाऱ्या माझ्या बाबांना. परवा ती म्हणाली, ही ओळ ठेवू की काढू ते तू सांग, पण आधी अंदोनीकाकांना सांग. मी काढायला सांगितलंय. तू शनिवारी ये. माझ्यासाठी नाही; ज्याच्या खिशात काळा राहिला त्याच्यासाठी. साबिन चौथ्या रांगेत बसतो, कडेला, पाय आखडतात म्हणून. पाकिटात डबीतला दाणा घातलाय. तो तुझ्यासाठी मडक्यात पडायला हवा होता, माझ्या खिशात राहिला.

तुझाच, काळा दाणा टाकणारा,
कोल्दो